वाढीचें वय आणि कुस्ती

चामटोलीच्या एका परिचित घरांतील आजींनीं मागील महिन्यांत आम्हांस गांठलें. "गुरुजी, नातू चौदाचा झाला, वर्षांत भराभर उंच झाला, पण तालमींत बरोबरीच्या मुलाकडून रोज पडतो. त्याचा बाप म्हणतो, कुस्ती सोडवा. तुम्ही काय म्हणतां?"

आम्हीं म्हटलें, आजी, घाई नको. मुलग्यांची उंची सरासरीनें चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगानें वाढते. कोणाची बाराव्यांत, कोणाची सोळाव्यांत. (मुलींची ही उडी दोनएक वर्षें आधीं येते, आतां मुलीही मातींत उतरतात, म्हणून सांगितलें.) स्नायूंचें बळ मात्र बहुधा वर्षभर मागून येतें. मधल्या काळांत हातपाय लांबलेले, पण त्यांस आवरणारा जोर नाहीं, अशी स्थिति असते. शिवाय एकाच वर्षीं जन्मलेल्या दोन मुलांच्या शरीराचें वय दोन-तीन वर्षांनीं भिन्न असूं शकतें. मिसरूड फुटलेल्या मुलानें कोवळ्या सोबत्यास चीत केलें, कीं आम्ही शाळेंत त्याचीच पाठ थोपटीत असूं, आणि हरलेला मुलगा हळूहळू आखाड्याकडे फिरकेनासा होई. ती चूक आमची.

सुश्रुतानें सोळापासून विसापर्यंत वृद्धि, तिसापर्यंत यौवन व चाळिसापर्यंत संपूर्णता सांगितली असून व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा, असें बजावलें आहे. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव लहानपणींच वडिलांच्या हाताखालीं कुस्ती शिकूं लागले. तथापि १९४८ सालीं लंडन येथें बाविसाव्या वर्षीं, ५२ किलोच्या गटांत, ते सहावे आले, आणि कांस्यपदक लाभलें तें १९५२ सालीं हेलसिंकीस, ५७ किलोच्या गटांत. मधल्या चार वर्षांत वजनाचा गटही वाढला होता, हें ध्यानांत घ्यावें.

उलट कांहीं हौशी पालक हलक्या गटांत बसविण्यासाठीं वाढत्या मुलास उपाशी, प्रसंगीं तहानेलाही ठेवतात. याचा आम्हांस संताप येतो. ज्या वयांत हाडें व मांस घडावयाचें, त्याच वयांत दूध, वरण, उसळी तोडावयाच्या! या काळांत डाव घोटून घ्यावे, जोर-बैठका बेतानें काढाव्या, झोंप पुरी द्यावी. जोड मात्र वस्तादांनीं वय नव्हे, अंगाची घडण पाहून लावावी.

आजींस आम्हीं एवढेंच सुचविलें, कीं दर महिन्यास दाराच्या चौकटीवर उंचीची रेघ ओढून शेजारीं वजन लिहावें. उंचीचा वेग मंदावून अंग भरूं लागलें, म्हणजे निकालाचें बोलूं. परवां गेलों तेव्हां पहिली रेघ दिसली. ती मुलाच्या बापानें ओढली होती.