पेसमेकर असूनही माणूस बेशुद्ध का पडतो?

वाशी-भूम भागात ऐन उन्हाळ्यात खव्याच्या भट्टीसमोर उभा असलेला, पेसमेकर बसवलेला माणूस कोसळला, तर घरच्यांचा पहिला अंदाज ठरलेला असतो: मशीन बंद पडलं. बहुतेक वेळा मशीन ठीक असतं.

पेसमेकर ठोके ठरावीक वेगाच्या, बहुधा मिनिटाला 60 च्या, खाली जाऊ देत नाही. रक्तदाब मात्र त्याच्या हातात नसतो. घामानं अंगातलं पाणी कमी झालं, त्यात बीपीची किंवा लघवी वाढवणारी गोळी असेल, तर उभं राहताच दाब घसरतो. ठोके चालू असतात, पण मेंदूला रक्त पुरत नाही.

म्हणून पहिली तपासणी अगदी साधी. झोपवून बीपी घ्यायचं, मग उभं करून तीन मिनिटांत पुन्हा. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला, तर कारणाचा धागा मिळाला. हे ग्रामीण रुग्णालयातही होतं. सोबत साखर आणि ईसीजी. पडताना पाहणाऱ्यालाही डॉक्टरांकडे न्या. चेहरा पांढरा पडला होता का, झटके आले का, किती वेळात शुद्ध आली, हे रुग्णाला स्वतःला सांगता येत नाही.

त्यानंतर पेसमेकरची तपासणी. त्यासाठीचं यंत्र कंपनीगणिक वेगळं असतं. त्यामुळे सोलापूर-लातूरची वाट धरण्याआधी पेसमेकरचं कार्ड हातात घेऊन फोन करा, नाहीतर हेलपाटा ठरलेला. बॅटरी किती उरली, तार शाबूत आहे का, हे त्यात दिसतं. तुटू लागलेली तार फसवी असते: तिच्यातली खरखर पेसमेकरला हृदयाचेच ठोके वाटते आणि तो गप्प बसतो. कधी हात हलवला तरच हा दोष उघड होतो, एरवी ईसीजी निर्मळ. (1958 साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना बसवलेला जगातला पहिला पेसमेकर काही तासांतच बंद पडला होता. पुढे वीसहून अधिक यंत्रं बदलत ते 2001 पर्यंत जगले.)

खरी भीती तिसऱ्या शक्यतेची. हृदयाच्या खालच्या कप्प्यातून ठोके अतिवेगानं सुटले, तर साधा पेसमेकर ते थांबवू शकत नाही. अशा ठोक्यांची नोंद बऱ्याचदा त्याच्या स्मृतीत सापडते, पण ती जागा मर्यादित. उशीर केला तर नव्या नोंदी जुन्या पुसतात. इकोत हृदयाचा पंप कमकुवत दिसला, तर शॉक देणारं यंत्र बसवायचं का, हा प्रश्न येतो.

निदान होईपर्यंत मोटारसायकल, ट्रॅक्टर आणि विहिरीवर एकट्यानं जाणं बंद ठेवा. बीपीच्या गोळ्या मात्र स्वतःहून थांबवू नका.