वर्ड आकडे बिघडवत नाही

“त्या वर्डच्या भरोशावर नोको राहू बाप्पा, ते सारे आकडे इस्कटून टाकते. आपण हातानंच टाकू, अखेरीस.” तेल्हाऱ्यातून प्रबंध टाइप करायला निघालेल्या विद्यार्थ्याला अकोट, अकोला, अमरावती, कुठेही गेला तरी हा सल्ला मिळतोच. सल्ला देणारा अनुभवी असतो, त्याच्या मनात वाईट काही नसतं. पण सल्ला चूक आहे, आणि त्यापायी दरवर्षी कितीतरी प्रबंध बाइंडिंगच्या आदल्या रात्री रडकुंडीला येतात.

तेल्हारा तालुका पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात मोडतो. इथल्या पाण्यावर किंवा जमिनीवर प्रबंध लिहायचा म्हणजे तक्त्यांचा ढीग आलाच: गावोगावच्या विहिरींचा सामू, विद्युतवाहकता, सोडियम, क्लोराइड, पावसाळ्याआधीचे आकडे वेगळे, नंतरचे वेगळे. समजा चौथ्या प्रकरणात असे २३ तक्ते आहेत आणि गाइड म्हणाले, तिसरा काढा. हाताने क्रमांक टाकले असतील तर पुढचे २० तक्ते बदलायचे, यादीतले २० बदलायचे, शिवाय मजकुरात जिथे जिथे ‘तक्ता ४.१२ वरून दिसते’ असं लिहिलंय ती प्रत्येक जागा शोधायची. एखादी सुटतेच. मौखिकीला बाहेरून आलेले परीक्षक नेमकं तेच पान उघडतात.

आता वस्तुस्थिती. वर्डमध्ये ‘रेफरन्सेस’मधून ‘इन्सर्ट कॅप्शन’ केलं की कागदावर दिसणारा ७ हा टाइप केलेला ७ नसतो. ते एक फील्ड असतं. या नावाचा हा कितवा तक्ता, हे वरून खाली मोजून ते उत्तर दाखवतं. मात्र ते सतत मोजत बसत नाही. तक्ता काढला, वरखाली केला, तरी जुनाच आकडा दिसत राहतो, तुम्ही ‘पुन्हा मोज’ म्हणेपर्यंत. ते म्हणायची रीत अशी: कंट्रोल-ए करून सगळा मजकूर निवडा आणि एफ-नाइन दाबा. दोनदा दाबा, कारण यादी सुरुवातीच्या पानांवर असते आणि तक्ते तिच्यानंतर. पहिल्या फेरीत यादी जुनेच आकडे उचलू शकते. यादीसाठी खिडकी उघडून प्रश्न आला, तर फक्त पृष्ठक्रमांकांचा पर्याय घेऊ नका, संपूर्ण यादी नवी करायचा घ्या. बरेच जण पहिला घेतात आणि मग वर्डला शिव्या देतात.

“एफ-नाइन दाबलं, काहीच झालं नाही” हेही नेहमीचं. अनेक लॅपटॉपवर ती कळ आवाज नाहीतर उजेड कमी-जास्त करते. सोबत ‘एफएन’ दाबावी लागते. एवढ्याशा गोष्टीवरून ‘आपोआप क्रमांक चालत नाहीत’ हा सिद्धान्त उभा राहिलेला मी ऐकला आहे!

मजकुरातला उल्लेखही हाताने लिहायचा नाही, ‘क्रॉस-रेफरन्स’ने घालायचा. कॅप्शन आपोआप आणि उल्लेख हाताने, हा अर्धवट प्रकार तर सगळ्यांत घातक. कॅप्शन बदलतात, उल्लेख तिथेच राहतात, आणि दोष जातो वर्डला. उल्लेखाच्या जागी इंग्रजीत ‘एरर’ उमटलं, तर ज्या कॅप्शनकडे बोट होतं ती पुसली गेली आहे, एवढाच अर्थ. फाइल खराब झालेली नसते. तो उल्लेख काढून नव्याने घाला.

मराठी प्रबंधांत एक खास घोळ होतो. वर्ड प्रत्येक लेबलाची मोजणी वेगळी ठेवतं. पहिल्या प्रकरणात ‘तक्ता’, दुसऱ्यात ‘तक्ता क्र.’ आणि तिसऱ्यात ‘सारणी’ असं केलंत, तर वर्डच्या लेखी ही तीन निराळी कुटुंबं आहेत. तिन्ही १ पासून सुरू होतात, आणि एका लेबलाच्या यादीत दुसरं येत नाही. वर्डची काहीच चूक नाही. एक लेबल ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

क्रमांक ०.१ असा आला, तर प्रकरणाचं शीर्षक ‘हेडिंग १’ या स्टाइलमध्ये आहे, पण त्या स्टाइलला क्रमांकन जोडलेलं नाही. प्रकरणाचा आकडा हाताने लिहिलाय, तो वर्डला कसा कळणार?

कृतिदेवमध्ये टाइप करणाऱ्यांना यादीत ‘तक्ता’ऐवजी आर-डी-आर-के अशी इंग्रजी अक्षरं दिसतात. त्या फॉन्टमध्ये आत खरोखर तीच अक्षरं असतात, वर फक्त मराठी आकार चढवलेला. यादीच्या स्टाइलला तो फॉन्ट दिला नसेल, तर खरं रूप उघडं पडतं. नवीन प्रबंध युनिकोडमध्येच सुरू करा.

बाकीचे किरकोळ. दोन पानांवर गेलेल्या तक्त्याला दुसरी कॅप्शन देऊ नये, क्रमांक उगाच पुढे सरकतो. शीर्ष-ओळ पुन्हा छापायची सोय वर्डमध्ये आहे. चित्राखालची कॅप्शन टेक्स्ट बॉक्समध्ये ठेवणं दिसायला नीटनेटकं, पण सगळा मजकूर निवडला तरी बॉक्सच्या आतलं निवडलं जात नाही, तिथला आकडा जुनाच राहतो. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल म्हणजे जास्त सुरक्षित, हेही खरं नाही. फायलींच्या सीमेपलीकडचा उल्लेख ‘क्रॉस-रेफरन्स’ने जोडता येत नाही. आणि पीडीएफ केल्याने आकडे दुरुस्त होत नाहीत, आहेत तसे गोठतात.

गणित-भौतिकशास्त्राकडची मंडळी म्हणतात, आम्ही लेटेक वापरतो, आम्हाला हा त्रास नाही. त्रास आहे, फक्त निराळा. डोनाल्ड नुथ यांच्या टेकवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लेटेक उभारलं, तेव्हापासून नियम एकच: क्रमांक कॅप्शनची आज्ञा देते, म्हणून लेबल तिच्यानंतर लिहायचं. आधी लिहिलं, तर आकृतीऐवजी विभागाचा क्रमांक छापला जातो, आणि तो इतका खरा वाटतो की कोणाच्या लक्षातही येत नाही. आकड्याच्या जागी दोन प्रश्नचिन्हं दिसली, तर फाइल पुन्हा एकदा चालवा. पहिल्या फेरीत क्रमांक फक्त टिपून ठेवले जातात. तरीही गेली नाहीत, तर लेबलाचं स्पेलिंग तपासा.

पीएच.डी.चा प्रबंध आता कपाटात बंद राहत नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीनुसार त्याची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटकडे जाते आणि त्यांच्या ‘शोधगंगा’ या ऑनलाइन प्रबंधसंग्रहात ती कोणालाही वाचता येते, चुकलेल्या क्रमांकांसकट. तेव्हा प्रिंटला देण्याआधी सगळं निवडून एफ-नाइन दोनदा दाबा, मग फाइलमध्ये ‘एरर’ हा इंग्रजी शब्द शोधा. तो कुठेच सापडला नाही, आणि यादीतले पाच-सहा तक्ते आतल्या पानांशी जुळले, तरच बाइंडिंगवाल्याकडे जा.