संगणकावरून काष्ठौषधी मागविताना

काष्ठौषधींच्या खरेदीसाठी आता व्यापाऱ्याच्या दुकानी जाण्याचे कारण उरलेले नाही. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने 'ई-चरक' हे संकेतस्थळ सुरू केले, ते उत्पादक व खरेदीदार यांची गाठ घालून देण्यासाठीच. या सोयीचे आम्ही स्वागत करतो; परंतु पडद्यावर दिसतो तो केवळ दर.

अशोकाचेच पाहावे. नांदेड-लातूरच्या रस्त्यांकडेला सरळसोट वाढणारा, लोक ज्यास अशोक म्हणतात, तो वृक्ष औषधी अशोक नव्हे. खरा अशोक सह्याद्रीच्या ओलसर पट्ट्यातला. साल काढून काढून तो विरळ झाला आहे. 'अशोकसाल, 50 किलो' एवढीच मागणी नोंदवून सर्वांत स्वस्त माल निवडला, तर पोत्यात बहुधा दुसरीच साल येणार, आणि तिचे अशोकारिष्ट आपल्याच विश्वासावर रुग्णा घेणार. लातूरच्या आडत बाजारात ओलावा पाहून सोयाबीनचा भाव ठरतो. औषधी द्रव्याला मात्र आपण तेवढीही कसोटी लावीत नाही!

किनवट-माहूरच्या वनांतील बेहड्याची गोष्ट निराळी. तेथे उणीव आहे ती आगाऊ मागणीची. 2006 च्या वनहक्क कायद्याने पात्र वननिवासींना गौण वनोपजावरील मालकी दिली. तथापि यंदा कोण, किती घेणार हे ठाऊक नसेल, तर वेचणारा पहिल्या गिऱ्हाइकासाठी कच्चेच फळ झोडणार. फळे त्या त्या ऋतूत घ्यावीत, हे चरकसंहितेच्या कल्पस्थानात सांगितलेच आहे. म्हणून फळ पिकण्यापूर्वी, दिवाळीच्या सुमारास, ग्रामसभेकडे वा बचत गटाकडे मागणी नोंदवावी, काही रक्कम आगाऊ द्यावी आणि उरलेली वाळलेल्या वजनावर चुकती करावी. ओल्या मालाची तूट कोणाच्या माथी, हा नेहमीचा वाद त्याने मिटेल. एका लहान फार्मसीच्या दोन क्विंटलांसाठी वाहन हलत नाही. पाच जणांनी एकत्र नोंद केल्यास भाडे परवडते.

मागणीपत्रात द्रव्याचे शास्त्रीय नाव, उपयुक्त अंग, संग्रहाचे ठिकाण व महिना हे चार रकाने असावेतच. माल आल्यावर नमुना बरणीत राखून तिच्यावर मागणीचा क्रमांक लिहावा, आणि तोच क्रमांक औषधाच्या बॅच नोंदवहीत उतरवावा.