पाळक घडतो कुठे?

नागपूरहून राजनांदगावला जाणारी रेल्वे तुमसर, गोंदिया, आमगाव अशी झाडीपट्टी ओलांडत जाते. १८९३ साली या वाटेवरच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती घरांत ही गोष्ट हमखास सांगितली जाते. त्यानंतरच्या नऊ वर्षांकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

टिळकांना पाळकीय दीक्षा मिळाली ती १९०४ साली. संस्कृताचा व्यासंग, वक्तृत्व, काव्य सगळे त्यांच्यापाशी आधीच होते. तरीही मधली वर्षे त्यांनी माणसांत काम करत काढली. मुंबईत त्यांना मिशनरी डॉ. जस्टिन ॲबट यांचा आधार होता, तर नगरला मिशनरी डॉ. रॉबर्ट ह्यूम यांचा सहवास. ह्यूम यांनी १८७८ साली नगरला धर्मशिक्षणाची शाळा काढली होती आणि टिळक तिथेच शिकवू लागले. तो काळ प्लेगचा आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाचा. मंडळी म्हणजे काय, हे अशा दिवसांत कळते. भजन-कीर्तनातून सुवार्ता सांगायची टिळकांची ओढ याच सेवेत पक्की झाली, असे मला वाटते. पुढे त्यांच्या घरात शिकणारी, राहणारी मुले असत. बालकवी ठोंबरेही त्यांतलेच. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त हे भरलेले घर जागोजागी दिसते.

वडीलधाऱ्याच्या हाताखाली शिकण्याची ही रीत ख्रिस्ती परंपरेत मुळापासूनची आहे. मार्काच्या सहाव्या अध्यायात येशू बारा शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो. परत आल्यावर ते काय केले, काय शिकवले ते त्याला सांगतात. या परत येऊन सांगण्याला मी पाठवण्याइतकेच महत्त्व देतो. १९२५ साली अमेरिकेतल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात अँटन बॉइसन यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ बसवले तेही याच विचाराने. बॉइसन स्वतः मानसिक आजारातून गेले होते. दुःखी माणूस हाही वाचण्याचा ग्रंथ आहे, अशी त्यांची धारणा होती. रुग्णालयातील पाळकीय प्रशिक्षणाची परंपरा तिथून वाढली.

आपल्याकडे शिक्षणसंस्था कमी नाहीत. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली विदर्भातच, यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली. या चर्चमध्ये पूर्ण पाळक होण्याआधी डीकन म्हणून सेवा करावी लागते. कॅथलिक धर्मगुरूंनाही डीकनपदाचा काळ असतो. चौकट आहे, पण शिकाऊ पाळकाला नुसते काम नेमून दिल्याने शिक्षण होत नाही. घरभेटीला सोबत नेणारा, अंत्यविधीच्या वेळी शेजारी उभा राहणारा आणि संध्याकाळी ‘तू जास्त बोललास, ऐकलं कमी’ असे प्रेमाने सांगणारा ज्येष्ठ पाळक हवा. असे कान उपटणारे कोणी नसेल, तर उमेदवार रविवारची उपासना चालवायला शिकतो, माणसे सांभाळायला नाही.

गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीसारख्या तालुक्यात ही उणीव फार जाणवेल. साकोली-देवरी महामार्गावरचे हे गाव. भोवती धानाची शेती, नवेगावबांधचे जंगल, दूरदूरची खेडी. इथे पुस्तकी मराठीत दिलेला संदेश अर्धाच पोहोचतो. झाडीबोली कानात बसायला हवी, गोंडी समजायला हवी. रोवणीच्या दिवसांत भेटीला केव्हा जावे हेसुद्धा कोणी सोबत राहून शिकवावे लागते. नागपूरला १८४५ मध्ये आलेल्या मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांची गाणी आणि त्यांच्या भाषेची टिपणे जमवली. त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, ती ग्रंथरूपाने आली. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने जे कष्ट घेतले, ते आपल्या मुलांना का शिकवू नयेत?

म्हणून मंडळ्यांच्या वडिलांना आणि सेमिनरींच्या प्राचार्यांना विनंती आहे. निदान एक पूर्ण वर्ष प्रत्येक उमेदवाराला पूर्व विदर्भातल्या एखाद्या अनुभवी पाळकाकडे ठेवा. उमेदवाराला पोटापुरते मानधन द्या. आणि त्या ज्येष्ठाच्या बाकीच्या जबाबदाऱ्या कमी करा, म्हणजे शिकवायला त्याच्यापाशी वेळ उरेल.