चार साधने, चार संघ

रिओच्या २०१६ सालच्या ऑलिंपिकमध्ये दीपा कर्माकर व्हॉल्टवर १५.०६६ गुण मिळवून चौथी आली, तेव्हा दहापैकी दहा हीच जिमनॅस्टिक्सची परिसीमा मानणाऱ्या अनेकांना तो हिशेब चमत्कारिक वाटला असेल; पण आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ सालीच ती मर्यादा उठवून काठिण्य आणि सफाई यांचे गुण स्वतंत्रपणे देऊन त्यांची बेरीज करण्याचा रिवाज पाडला होता. अमेरिकेतील महाविद्यालयीन महिलांच्या स्पर्धेत मात्र दहाचा अंमल अद्याप अबाधित आहे, आणि तेथील अलीकडचे फेरफार पाहता त्यांचा रोख मुख्यतः निकाल प्रेक्षकांना सुबोध व्हावा याकडे दिसतो.

व्हॉल्ट, असमान दंड, बीम आणि फ्लोअर या चारही साधनांवर संघातील सहा जणी उतरतात, पैकी पाच उत्तम गुण धरले जातात, आणि म्हणून संघाची कमाल बेरीज २०० होते. बहुतेक जणी युर्चेंको फुल हीच एक उडी मारू लागल्या, तेव्हा २०१६ च्या हंगामापासून तिचे आरंभमूल्य १० वरून ९.९५ वर आणण्यात आले. दहाची अभिलाषा असेल तर अधिक अवघड उडी पत्करणे प्राप्त झाले.

अंतिम फेरीची रचना याहून गुंतागुंतीची होती. १९९३ पासून तीत सहा संघ असत, साधने मात्र चारच. त्यामुळे दर पाळीला दोन संघ स्वस्थ बसत, आणि कोणी तीन साधने उरकली, कोणी दोनच, अशा स्थितीत गुणफलकावरील आघाडी खरी किती, हे जाणकारालाही बोटे मोजूनच ठरवावे लागे. २०१८ साली सेंट लुइस येथे यूसीएलएच्या पेंग-पेंग ली हिने बीमवर अखेरीस दहा गुण मिळवले आणि १९८.०७५० विरुद्ध १९८.०३७५ अशा निसटत्या फरकाने ओक्लाहोमावर मात झाली. एका पडण्याला अर्धा गुण कापला जातो, हे ध्यानी घेतले म्हणजे या फरकाची सूक्ष्मता कळते.

२०१९ पासून राष्ट्रीय स्पर्धेतील संघ बारांवरून आठांवर आणि अंतिम फेरीतील सहांवरून चारांवर आले. आता प्रत्येक पाळीत प्रत्येक संघ कोणत्या ना कोणत्या साधनावर असतो, आणि चार पाळ्यांत निकाल लागतो. याची किंमत राष्ट्रीय स्पर्धेचे दार बंद झालेल्या चार महाविद्यालयांनी मोजली. सहांतून एक गुण वगळण्याची मुभा मात्र तशीच राहिली, आणि तिची सीमा २०२४ साली फोर्ट वर्थ येथे उघड झाली: लागोपाठ दोन वर्षे विजेता ठरलेल्या ओक्लाहोमाच्या एकीहून अधिक खेळाडू व्हॉल्टवर पडल्या, आणि तो संघ उपांत्य फेरीतच बाद झाला. वेळापत्रक कितीही सुटसुटीत केले, तरी या कायद्यात एकीची चूक माफ आहे, दुसरीची नाही.