मथळ्याचा साज आणि अर्थ

संकेतस्थळाच्या पानावरील मथळे ‘एच-१’ ते ‘एच-६’ या खुणांनी बांधले जातात. मथळ्यातील एखादाच शब्द रंगवावयाचा असल्यास तो ‘स्पॅन’ या खुणेत ठेवावा. या खुणेला स्वतःचा अर्थ नाही. ती केवळ रंगरूपाला आधार देते. म्हणून शोधयंत्र मथळा अखंड वाचते व पानाच्या क्रमास बाध येत नाही. रंग आणि आकार १९९६ साली प्रमाणित झालेल्या ‘सीएसएस’कडे सोपवावेत. मात्र मथळ्याच्या पोटात परिच्छेदाची खूण घालणे नियमबाह्य होय. दोन स्पॅनांमधील मोकळी जागा गाळल्यास शब्द एकमेकांस चिकटतात. केवळ अक्षर मोठे दिसावे म्हणून मथळ्याची खूण योजली, तर मथळे ऐकून वाट काढणारा अंध वाचक चकतो. साज अवश्य करावा. पण त्याने अर्थ झाकू नये.