शिकाऊ ग्लायडर आणि शिक्षकाचे आसन

भाताची कापणी उरकल्यावर उन्हाने तापलेल्या खाचरांवर घार पंख न हालविता घिरट्या घालीत वर वर चढते, हे पालघर-बोईसरकडील प्रत्येक मुलाने पाहिलेले आहे. पंखांची फडफड नाही, तरी ती वर जाते कशी? या प्रश्नाचा पाठपुरावा करिता करिता मनुष्याने ग्लायडर, म्हणजे इंजिनावाचून उडणारे विमान, सिद्ध केले. त्यांपैकी लाकडी शिकाऊ ग्लायडरची घडण व इतिहास या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे. हा इतिहास जितका यंत्राचा, तितकाच शिकविण्याच्या रीतीचा आहे. यास्तव विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या पालकांनीही तो वाचावा, अशी आमची विनंती आहे.

प्रथम ग्लायडर उडते कसे, ते पाहू. उतारावर सोडलेली गाडी जशी आपल्याच वजनाने पुढे धावते, तसे ग्लायडर हवेच्या अदृश्य उतारावरून पुढे सरकत असते. पुढे सरकल्यामुळे पंखांवरून हवा वाहते व ती हवा त्यास तोलून धरते. चांगले लाकडी दोन-आसनी ग्लायडर शांत हवेत एक मीटर खाली येईपर्यंत सुमारे वीस मीटर पुढे जाते. पालघरहून बोईसर रेल्वेने सुमारे बारा किलोमीटर आहे. म्हणजे पालघरावर सहाशे मीटर उंचीवर सोडलेले ग्लायडर, वारा नसेल तर, हिशेबाने बोईसरपर्यंत पोहोचेल. परंतु वाटेत तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा लाभली, तर ते घारीप्रमाणे त्या हवेतच घिरट्या घेऊन उंची मिळविते. घारीचे रहस्य हेच होय.

आता घडण. सातपाटीच्या किनाऱ्यावर लाकडी होडी बांधली जाताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांस ग्लायडरचा पंख समजणे कठीण नाही. होडीस कणा व बरगड्या असतात. पंखासही एक लांब तुळई व तिच्यावर ओळीने बसविलेल्या पातळ बरगड्या असतात. तुळईसाठी बहुधा स्प्रूस नावाच्या झाडाचे हलके व सरळ धाग्यांचे लाकूड घेत. पंखाची पुढची कड पातळ प्लायवूडने मढवीत व उरलेल्या भागावर कापड ताणून त्यास रोगण देत, म्हणजे ते ढोलाच्या कातड्यासारखे ताठ होई. पुढच्या कडेस प्लायवूड कशासाठी? कागदाची एक नळी करून ती पिळून पाहा. नंतर तिला लांबीने चीर देऊन पुन्हा पिळा. बंद नळी पिळास दाद देत नाही, चिरलेली सहज पिळवटते. प्लायवूडमुळे पंखाची पुढची बाजू अशी बंद नळी बनते.

हे सर्व सांधे सरसाने जोडलेले असत. जुन्या काळी त्यासाठी दुधातील केसीन या द्रव्यापासून केलेला सरस वापरीत. तो बळकट खरा, पण ओलाव्याने व बुरशीने कुजतो. म्हणून लाकडी ग्लायडर कोरड्या जागी ठेवावे लागते, व बाहेरून धडधाकट दिसले तरी त्याचे आतले सांधे वेळोवेळी तपासावे लागतात.

आता इतिहासाकडे वळू. जर्मनीतील ओटो लिलिएन्थाल याने इ. स. १८९१ पासून स्वतः बनविलेल्या पंखांवर सुमारे दोन हजार उड्डाणे केली. त्यास शिकविणारा कोणी नव्हता. तो आपल्या चुकांपासूनच शिकला. ता. ९ ऑगस्ट १८९६ रोजी तो उंचावरून कोसळला व दुसऱ्या दिवशी मरण पावला.

पहिल्या महायुद्धानंतर इ. स. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर विमानांविषयी कडक निर्बंध घातले, तेव्हा तेथील तरुण इंजिनरहित विमानांकडे वळले. इ. स. १९२६ मध्ये त्यांच्यासाठी 'झ्योगलिंग' हे ग्लायडर निघाले. या जर्मन शब्दाचा अर्थच 'शिष्य' असा आहे. एक पंख, एक उघडा लाकडी सांगाडा व त्याच्या टोकाशी एक आसन, एवढाच त्याचा संसार. सोबती रबरी दोर ताणीत टेकडीच्या उतारावर धावत व ग्लायडर गलोलीतील खड्याप्रमाणे सुटे. पहिल्या दिवशी नुसते जमिनीवर घसरणे, मग हातभर उंच उडी, मग थोडी मोठी. शिक्षक जमिनीवरूनच काय ते सांगे. हवेत शिष्य एकटाच असे.

ही रीत स्वस्त होती, पण चुकीची शिक्षा तत्काळ व शरीरास मिळे. यामुळे पुढे दोन आसनांची शिकाऊ ग्लायडरे पुढे आली. इंग्लंडमधील स्लिंग्जबी कंपनीचे टी-२१ हे लाकडी ग्लायडर इ. स. १९४४ मध्ये प्रथम उडाले. त्यात शिक्षक व शिष्य शेजारी-शेजारी बसत.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशाच्या नागरी विमान खात्यानेही स्वतःची ग्लायडरे आखली. त्यांची नावे वाचून शेतकऱ्यांच्या मुलांस मौज वाटेल: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. कृत्तिकेच्या जागी कार्तिक आला एवढेच, बाकी क्रम नक्षत्रांचाच आहे! इ. स. १९५८ च्या अश्विनीत दोन आसने एकापुढे एक होती. ता. १० मे १९६१ रोजी प्रथम उडालेल्या रोहिणीत मात्र ती शेजारी-शेजारी होती. ही रोहिणी लाकडी असून तिच्या पंखांचा विस्तार सुमारे साडेसोळा मीटर होता. अशी शंभराहून अधिक ग्लायडरे बांधली गेली व राष्ट्रीय छात्र सेनेतील अनेक मुले त्यांवर उडण्यास शिकली. महाराष्ट्रात या विद्येचे माहेरघर पुण्याजवळील हडपसर हे ठरले. तेथे इंजिनावर चालणाऱ्या रहाटाने लांब दोर गुंडाळून ग्लायडर पतंगाप्रमाणे वर चढवीत. हडपसरच कां, आमचा किनारा कां नव्हे? कारण दुपारी समुद्रावरून येणारा थंड वारा किनाऱ्यालगतची जमीन फार तापू देत नाही. दख्खनच्या पठारावर मात्र वर चढणारी हवा जोमदार असते.

आसनांच्या या दोन रचनांत शिक्षकास विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. शिक्षक मागे बसला, तर विमान अरुंद होते व हवेचा अडथळा कमी होतो. शिवाय मागचे आसन बहुधा तोलाच्या मध्याजवळ असल्याने शिक्षक उतरला तरी तोल फारसा बदलत नाही. परंतु शिष्याचा चेहरा त्यास दिसत नाही. शेजारी बसला, तर विमान रुंद होते खरे, पण शिष्याची नजर कोठे आहे, त्याची मूठ घाबरून आवळली आहे काय, हे शिक्षकास तत्क्षणी कळते.

दोन्ही रचनांत सुकाणूच्या दोन काठ्या एकमेकींस जोडलेल्या असतात. एक हालली की दुसरी हालते. म्हणून शिक्षकाने काठी सदैव धरून ठेवली, तर शिष्यास आपण उडवितो असा भास होईल, पण त्यास विद्या येणार नाही. ती अगदीच सोडून दिली, तर दोघांचाही प्राण जाईल. चूक शिष्यास उमगेल इतकी वाढू द्यावी, पण सावरता येणार नाही इतकी वाढू देऊ नये. हा मधला अरुंद मार्ग ओळखणे, हीच शिक्षकाची खरी कसोटी. ग्लायडरला इंजिन नसल्याने उतरताना हुकल्यास पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करण्याची सोय नाही. यामुळे ही कसोटी प्रत्येक उड्डाणात लागते.

आज शिकाऊ ग्लायडरे बहुधा काचतंतूंची किंवा धातूची असतात व लाकडी ग्लायडरे दुर्मिळ झाली आहेत. तरी त्यांनी घालून दिलेला धडा जुना झालेला नाही. एके दिवशी शिक्षक आसनावरून उतरतो, पट्टे नीट बांधले आहेत ना ते पाहतो व बाजूस होतो. पालकहो, आपल्या मुलांच्या आयुष्यातही हा दिवस यावयाचाच आहे. तोपर्यंत त्यांच्या शेजारी बसावे, पण काठी त्यांच्या हाती असू द्यावी. आणि विद्यार्थी मित्रहो, शेजारचे आसन भरलेले आहे तोवरच, ते रिकामे झाल्यावर लागणारी विद्या मिळवून ठेवा.